अझोर्सचं मूळ शोधताना: आधी गाव, मग डीएनए

डीएनए चाचणीच्या निकालात ‘पोर्तुगाल’ आणि त्याखाली ‘अझोर्स’, म्हणजे अटलांटिक महासागरातली पोर्तुगालची बेटं, दिसलं, की लोक लगेच मॅचची, म्हणजे ज्यांचा डीएनए आपल्याशी जुळतो त्यांची, यादी उघडतात. यादीत दूरची भावंडं शेकड्यांनी असतात. निम्म्यांची आडनावं सिल्वा, पेरेइरा, सोझा. चार-सहा जणांना निरोप जातात, एखादं उत्तर येतं, त्यातून काहीच जुळत नाही आणि खातं तसंच पडून राहतं. चूक क्रमाची असते. या बेटांवरचं कूळ शोधताना कागद पुढे चालतो आणि डीएनए मागून साक्ष द्यायला येतो. उलटं केलं की नुसता गुंता हाती लागतो.

मॅसॅच्युसेट्स, कॅलिफोर्निया, टोरंटोकडच्या ज्या मराठी घरांत अशा घराण्यातली सून किंवा जावई आहे आणि नातवंडांच्या वंशावळीची ती बाजू कोरी आहे, त्यांना समोर ठेवून हे लिहिलं आहे. पोर्तुगीज येत नसलं तरी अडत नाही. नोंदी वाचायला पन्नासेक शब्द पुरतात. गोवा-वसईच्या आडनावांचा प्रश्न वेगळा आहे, तो पुढे घेतला आहे.

बेटं नऊ, दप्तरखाने तीन

अझोर्समध्ये नऊ बेटं आहेत आणि जुनी दप्तरं तीन ठिकाणी आहेत. साओ मिगेल आणि सांता मारिया या बेटांची दप्तरं पोंता देल्गादात. तेर्सेइरा, साओ जॉर्ज आणि ग्रासिओझा यांची आंग्रा दो एरोइज्मोत. फायाल, पिको, फ्लोरेस आणि कोर्वो यांची ओर्तात. मादेइरा आणि पोर्तो सांतो ही अझोर्सची बेटं नव्हेत. त्यांचा दप्तरखाना फुंशालला आहे आणि त्याचं संकेतस्थळही वेगळं आहे.

प्रत्येक बेटात कोन्सेल्यो, म्हणजे साधारण आपला तालुका, आणि त्याखाली फ्रेगेझिया. फ्रेगेझिया म्हणजे एका चर्चच्या हद्दीतलं गाव. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू या सगळ्याची वही फ्रेगेझियाची असते. बेटाचं नाव कळून काहीच होत नाही. एकट्या साओ मिगेलवर साठाच्या वर फ्रेगेझिया आहेत आणि दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधायची सोय नाही. बेट, कोन्सेल्यो, फ्रेगेझिया, नोंदीचा प्रकार, वर्ष अशा पायऱ्यांनी उतरत जायचं आणि पान पान बघायचं. म्हणून पहिलं काम एकच: गाव शोधा. ते सापडेपर्यंत डीएनएच्या यादीकडे बघूही नका.

गावाचं नाव बेटावर नाही, अमेरिकेतल्या कागदांत सापडतं

स्थलांतरिताच्या पिढीपासून सुरुवात करा. १९०६च्या सप्टेंबरनंतरच्या अमेरिकी नागरिकत्वाच्या अर्जांत जन्मगाव, जन्मतारीख, जहाज आणि उतरल्याची तारीख असते. त्याआधीच्या अर्जांत बहुधा नुसतं ‘पोर्तुगाल’. १९०७नंतरच्या प्रवासी याद्यांत जन्मस्थळाचा रकाना आहे आणि मायदेशी मागे राहिलेल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-गावही आहे. हा दुसरा रकाना लोक वाचतच नाहीत, आणि बापाचं नाव नेमकं तिथेच बसलेलं असतं. १९३६पासूनच्या सोशल सिक्युरिटीच्या मूळ अर्जात आईचं माहेरचं आडनाव मिळतं. परदेशातल्या कॅथलिक चर्चमधली लग्नाची नोंद सरकारी दाखल्यापेक्षा हमखास सरस. लग्न लावण्याआधी पाद्रीला बाप्तिस्म्याचा पुरावा लागतो, म्हणून मूळ फ्रेगेझियाचं नाव तिथे उतरलेलं असतं. न्यू बेडफर्डला १९१९ ते १९७३ या काळात निघालेलं ‘दियारिओ दे नोतिसियास’ हे पोर्तुगीज दैनिक मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या डार्टमथ शाखेने डिजिटल केलं आहे. त्यातल्या मृत्यूच्या बातम्यांत गावाचा उल्लेख वारंवार येतो.

कॅनडाकडच्या मंडळींचं काम सोपं. तिकडे मोठ्या संख्येने माणसं गेली ती १९५३पासून. घरात आजी-आजोबांचं जुनं पोर्तुगीज ओळखपत्र असेल तर त्यावर जन्माची फ्रेगेझिया छापलेली असते. फायालवर सप्टेंबर १९५७मध्ये कापेलिन्योसचा ज्वालामुखी फुटला आणि १९५८च्या खास कायद्याने अमेरिकेची दारं उघडली. त्या लाटेतल्या घरांकडेही असे कागद बहुधा जपलेले असतात.

इथे तीन खड्डे आहेत. जुन्या अमेरिकी कागदांत ‘वेस्टर्न आयलंड्स’ म्हणजे अझोर्स. ‘फायाल’ लिहिलं म्हणजे माणूस फायालचाच असं नाही. देवमाशांच्या शिकारीची जहाजं ओर्ता बंदरात थांबून खलाशी घेत, त्यात पिको नि फ्लोरेसचे तरुणही असत. आणि ‘ब्रावा’ दिसलं तर ते अझोर्समधलं बेट नव्हे, केप व्हर्देचं. तिथली वंशावळ पूर्ण वेगळ्या दप्तरांत शोधावी लागते.

दुसरा घोळ एकाच नावाच्या गावांचा. रिबेइरिन्या तेर्सेइरावर आहे, साओ मिगेलवर आहे, फायालवर आहे आणि पिकोवरही आहे. सांता बार्बराची तीच कथा. लाजेस तर तेर्सेइरा, पिको आणि फ्लोरेस तिन्हीकडे. गावाचं नाव मिळालं म्हणून वही उघडू नका. बेटाचं नाव दुसऱ्या कागदातून पक्कं करा.

परदेशात आडनावं बदलली हेही ध्यानात ठेवा. पेरेइराचा पेरी झाला, रोद्रिगेसचा रॉजर्स, ओलिवेइराचा ऑलिव्हर. रेइसचा किंग आणि कार्वाल्योचा ओक्सही सापडतो. बापाचं नाव मानुएल जोझे असलं तर पोरं शाळेत ‘जोसेफ’ आडनावाने दाखल झालेली असतात. म्हणून एकट्या माणसाचा शोध घेऊ नका. नवरा, बायको, थोरली दोन मुलं आणि त्यांची वयं असा सगळा संच घेऊन वहीपाशी जा. मानुएल पन्नास भेटतील. बायको रोझा, थोरली मारिया नि पाठचा आंतोनिओ असलेला मानुएल बहुधा एकच निघतो.

वही कशी वाचायची

पोर्तुगालमध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ एप्रिल १९११पासून सक्तीची झाली. त्याआधीचा सगळा भरवसा चर्चच्या वह्यांवर. त्यांचे तीन प्रकार: बातिझ्मोस, काझामेंतोस, ओबितोस, म्हणजे बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. सगळ्यात जुन्या वह्या १६व्या शतकातल्या, पण बहुतेक गावांत सलग मालिका १७व्या शतकापासून लागते. अझोर्सच्या वह्या प्रादेशिक सरकारच्या ‘सेंत्रो दे कोन्येसिमेंतो दोस असोरेस’ या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. ‘टोम्बो डॉट पीटी’वर कोणत्या फ्रेगेझियाची कोणत्या वर्षांची वही कुठे आहे याची यादी दुव्यांसकट मिळते. सुरुवात तिथून करणं सोयीचं. मादेइराच्या दप्तरखान्याने लग्नांच्या नावनिहाय सूची केल्या आहेत, त्यामुळे तिकडचं काम निम्म्या वेळात होतं.

१९११नंतरचा कागद हवा असेल तर तो कोन्सर्वातोरियात, म्हणजे नोंदणी कार्यालयात मिळतो. जन्माची वही शंभर वर्षांनी, लग्नाची पन्नास आणि मृत्यूची तीस वर्षांनी दप्तरखान्याकडे जाते, हा साधारण नियम.

मागे जायची रीत अशी. लग्नाची नोंद हा कणा. तीत वर-वधू दोघांच्याही आई-बापांची नावं आणि गावं असतात. ती मिळाली की त्या आई-बापांचं लग्न शोधायचं. त्यासाठी आधी त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे काढा, थोरलं अपत्य कधीचं ते बघा आणि तिथून साधारण दोन वर्षं मागे लग्नाच्या वहीत शिरा. लग्न बहुधा वधूच्या फ्रेगेझियात लागतं. नवऱ्याच्या गावात सापडलं नाही तर आधी शेजारची गावं चाळा. असं लग्नाकडून लग्नाकडे गेलं की चार-पाच पिढ्या लवकर उतरतात. नुसते बाप्तिस्मे धरून गेलात तर प्रत्येक पिढीत एकाच नावाचे तीन उमेदवार उभे राहतात.

१८६०नंतरच्या नोंदी ठरावीक नमुन्यातल्या, म्हणून शिकायला उत्तम. त्यातली वाक्यं दर वेळी त्याच क्रमाने येतात: तारीख अक्षरांत, चर्च, कोन्सेल्यो, बेट, बाळाचं नाव, जन्माची वेळ, मग आई-बाप, त्यांचा धंदा आणि गाव, मग दोन्हीकडचे आजी-आजोबा, शेवटी धर्मपिता-धर्ममाता. आजी-आजोबांची नावं १८व्या शतकाच्या उत्तरार्धापासून बऱ्याच गावांत दिसू लागतात. एका नोंदीत तीन पिढ्या म्हणजे घबाडच. म्हणून १८६० ते १९११ या पट्ट्यात आपल्या घराण्याच्या सगळ्या भावंडांच्या नोंदी काढा, एकाच्या काढून थांबू नका. एका पाद्रीने आजीचं नाव मारिया दे जेझुस लिहिलं असेल तर दुसऱ्याने मारिया सिल्वेइरा लिहिलेलं असतं.

शब्द थोडेच आहेत. इथे ते शक्यतो अक्षरं दिसतात तसे दिले आहेत. ‘फिल्हो’ मुलगा, ‘फिल्हा’ मुलगी. ‘नेतो पातेर्नो’ म्हणजे बापाकडून नातू, ‘मातेर्नो’ आईकडून. ‘रेसेबिदोस’ म्हणजे लग्न झालेले. त्यापुढे लग्न कुठल्या चर्चमध्ये लागलं ते येतं, आणि हा शब्द नजरेतून सुटला तर महिनाभराचं काम वाढतं. ‘विउवो’ विधुर, ‘विउवा’ विधवा. ‘जा देफुंतो’ म्हणजे तेव्हाच वारलेला, म्हणजे मृत्यूच्या वहीत कोणत्या वर्षाच्या मागे बघायचं ते कळलं. ‘नातुराल दे’ पुढे गावाचं नाव आलं तर ‘अमुक गावचा’, पण ‘फिल्हो नातुराल’ म्हणजे लग्नाबाहेर झालेलं मूल. या दोन ‘नातुराल’मध्ये नवखे हटकून फसतात.

अक्षराचा त्रास जुन्या वह्यांत होतो. दोन ‘स’ शेजारी आले की पहिला इंग्रजी ‘एफ’सारखा लांब ओढलेला असतो. नावं तोडून लिहितात: मानुएलचं ‘मानल’, फ्रान्सिस्कोचं ‘फ्रको’, रोद्रिगेसचं ‘रोइझ’, आणि शेवटची अक्षरं वर चढवलेली. महिन्यांमध्ये खरी मेख आहे. आकडा ७ आणि पुढे ‘ब्रो’ असेल तर तो जुलै नाही, सेतेंब्रो म्हणजे सप्टेंबर. ८ आणि ‘ब्रो’ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर आणि रोमन दहाची फुली म्हणजे डिसेंबर. वर्ष अक्षरांत असतं तेव्हा ‘सेसेंता’ म्हणजे साठ आणि ‘सेतेंता’ म्हणजे सत्तर यांतलं एक अक्षर पुसट झालं की दहा वर्षांचा फरक पडतो. शंका आली की त्याच पानावरच्या वरच्या-खालच्या नोंदी वाचा. त्या क्रमाने असतात.

पानाच्या डाव्या समासात बाळाचं किंवा जोडप्याचं नाव आणि नोंदीचा क्रमांक असतो. चाळताना फक्त समास बघत जा, पान पाच सेकंदांत उलटतं. बऱ्याच वह्यांच्या शेवटी नामसूची असते, पण ती पहिल्या नावाने लावलेली. मारियांची पाच पानं भरतात. समासातच नंतरच्या काळात लग्न-मृत्यूच्या टिपा जोडलेल्या दिसतात. १९११च्या थोड्या आधी जन्मलेल्यांच्या बाबतीत त्या फार कामाच्या.

आडनाव धरून चालू नका

आपल्याकडे आडनाव बापाकडून मुलाकडे सरळ जातं, म्हणून आपण ते गृहीत धरतो. बेटांवर तसं नव्हतं. बाप्तिस्म्यात बाळाला फक्त नाव मिळे. आडनाव पुढे लग्नात किंवा पासपोर्टाच्या वेळी प्रकट होई. ते बापाचं असे, आईचं असे, कधी आजोबांचं, कधी धर्मपित्याचं. सख्ख्या चार भावांची चार आडनावं यात काही वावगं नाही. बायकांच्या बाबतीत तर मारिया दा कोन्सेइसाओं, रोझा दो एस्पिरितो सांतो अशी धार्मिक नावंच आडनावाच्या जागी येतात आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव नोंदीत लागत नाही.

यावरून दोन गोष्टी निघतात. एक: फायाल-साओ जॉर्जकडे सिल्वेइरा दिसला की १५व्या शतकातल्या फ्लेमिश विलेम व्हान डेर हागेनपर्यंत झाड जोडून टाकायची हौस आवरा. इंटरनेटवरची निम्मी झाडं अशीच वाढली आहेत. दोन: आडनावाच्या भरवशावर बापाकडून चालत आलेल्या वाय गुणसूत्राची महागडी चाचणी सुरुवातीलाच करू नका. वाय बापाकडून मुलाकडे जातो, आडनाव मात्र वाटेत केव्हाच फुटलेलं असतं.

लग्नाच्या नोंदीतली ‘ग्राउ’ची ओळ

हीच ओळ पुढे डीएनए समजायला किल्ली ठरते, म्हणून तिथे थांबा. लहान बेटावर बाहेरून नवरी आणणार कुठून? कोर्वोची वस्ती आजही चारशेच्या आसपास आहे. नात्यातच लग्नं होत आणि त्यासाठी चर्चची सूट, म्हणजे ‘दिस्पेन्सा’, घ्यावी लागे. नोंदीत लिहिलेलं असतं की वर-वधूंना अमुक ‘ग्राउ दे कोन्सांगिनिदादे’मध्ये सूट मिळाली. ग्राउ म्हणजे पायरी. ती सामाईक पूर्वजापासून खाली मोजायची. पहिली पायरी सख्खी भावंडं. ‘सेगुंदो ग्राउ’, दुसरी पायरी, म्हणजे दोघांचे आजी-आजोबा एक. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न करतात तेच नातं. ‘तेर्सेइरो’, तिसरी, म्हणजे पणजोबा एक. ‘क्वार्तो’, चौथी, म्हणजे खापरपणजोबा एक. ‘तेर्सेइरो कोम क्वार्तो’ असं मिश्र लिहिलं असेल तर एका बाजूने एक पिढी जास्त. १९१७चा चर्चचा कायदा येईपर्यंत चौथ्या पायरीलाही सूट लागे, त्यामुळे या ओळी भरपूर सापडतात.

याचा उपयोग दुहेरी आहे. पणज्याचं नाव अडलं असेल आणि नोंद सांगत असेल की नवरा-बायकोचे पणजोबा एक, तर बायकोच्या बाजूने चढून नवऱ्याचा पणजोबा गाठता येतो. दुसरं, झाडाची फांदी कुठे परत जुळली आहे ते कळतं. मात्र ‘आफिनिदादे’ लिहिलं असेल तर ते रक्ताचं नातं नव्हे, आधीच्या नवऱ्या-बायकोमुळे आलेली सोयरीक आहे. डीएनएशी तिचा संबंध नाही.

आता चाचणी: कोणाची आणि कोणती

घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाची आधी. आजी हयात असताना नातवाची चाचणी करणं म्हणजे पैसे वाया घालवणं; नातवाकडे आजीचा साधारण चौथाई डीएनएच असतो. चाचणी ऑटोसोमल घ्या, म्हणजे आई आणि बाप दोन्हीकडच्या सगळ्या शाखा येतात. अँसेस्ट्रीकडे सगळ्यात मोठा साठा आहे, पण ती कंपनी बाहेरची फाइल घेत नाही, म्हणून पहिली चाचणी तिथे आणि मग कच्ची फाइल उतरवून फॅमिलीट्रीडीएनए आणि जेडमॅचवर चढवा. फॅमिलीट्रीडीएनएवर अझोर्सचा स्वतंत्र गट आहे, त्यात सामील व्हा. इतर कंपन्यांचे फाइल घेण्याचे नियम बदलत असतात, आणि किट तुमच्या देशात पोचवतात की नाही तेही पैसे भरण्याआधी बघा.

थुंकीची नळी असेल तर आधी अर्धा तास खाणं-पिणं, पान-तंबाखू काही नाही. नळीतल्या खुणेपर्यंत थुंकी भरायची, फेस धरायचा नाही. वयस्कर माणसाचं तोंड कोरडं पडतं आणि नमुना नापास होतो. त्यांच्यासाठी गालाच्या आतून बोळा फिरवायची चाचणी बरी. आणि ज्याची चाचणी, त्याला आधी नीट सांगा की यातून बाप वेगळा निघण्यासारख्या गोष्टीही बाहेर येऊ शकतात. ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात ते उगाच नाही.

टक्केवारीच्या नकाशावर फार वेळ घालवू नका. उत्तर आफ्रिका, ज्यू, पश्चिम आफ्रिका असे एक-दोन टक्के बेटांवरच्या लोकांत दिसतात आणि त्यांना इतिहासाचा आधार आहे. आयबेरियातला, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधला, मूर मुसलमानांचा काळ, धर्मांतरित ज्यू, बेटांवर आणलेले गुलाम. पण त्या टक्क्यांवरून पूर्वजाचं नाव किंवा शतक काढता येत नाही.

सेंटिमॉर्गन फसवतात तेव्हा

दोघांत किती डीएनए सामाईक आहे ते सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. हजारो लोकांनी दिलेल्या आकड्यांवरून सरासरी बसवली आहे: आजी-आजोबा एक असतील तर ८६६ (३९६ ते १३९७), पणजोबा एक असतील तर २२९ (४१ ते ५९२), खापरपणजोबा एक असतील तर ७३ (० ते २३४), त्याच्याही वरची पिढी असेल तर ३५ (० ते १३९).

हे आकडे बेटांवर जसेच्या तसे लावले की घात होतो. तिथले दोन जण एका पूर्वजाकडून नव्हे, सात-आठ जोडप्यांकडून नातेवाईक असतात, आणि प्रत्येकाकडून आलेले डीएनएचे बारीक तुकडे बेरजेत जमा होतात. समजा, दोन मॅच आहेत, दोन्ही ५२ सेंटिमॉर्गनचे. पहिल्यात सहा तुकडे, सगळ्यात मोठा १२चा. दुसऱ्यात दोनच तुकडे, मोठा ३८चा. कंपनी दोघांनाही एकाच नात्याचं लेबल लावते. पहिला बहुधा अनेक बाजूंनी दूरचा, त्याच्या मागे लागू नका. दुसऱ्याचा मोठा तुकडा अजून फारसा मोडलेला नाही, म्हणजे पूर्वज तुलनेने जवळचा. निरोप याला पाठवा. एकूण बेरजेपेक्षा सगळ्यात लांब तुकडा बघा. तो ३०च्या वर असलेल्यांपासून सुरुवात करा आणि ८-१०च्या आतले तुकडे हिशेबातूनच काढा.

जेडमॅचवर आई-बाप एकमेकांचे नातेवाईक आहेत का ते सांगणारं साधन आहे, ते आधीच चालवा. दोन्ही गुणसूत्रांवर सारखे लांब पट्टे निघाले तर ‘दिस्पेन्सा’ची ओळ कोणत्या पिढीत शोधायची त्याचा अंदाज येतो.

मॅच गटांत वाटायची पद्धत, म्हणजे एकमेकांशी जुळणाऱ्यांना एक रंग देणं, मुख्य भूमीवर छान चालते. बेटावर सगळे सगळ्यांशी जुळतात आणि रंगांची खिचडी होते. तिथे उलटा उपाय चालतो. आई आणि बाप दोघांची चाचणी असेल तर फक्त एकाशीच जुळणारे मॅच घ्या. पणजोबांच्या स्तरावरचा प्रश्न असेल तर त्यांच्या वेगवेगळ्या मुलांकडून आलेल्या दोघा-तिघांची चाचणी करवून घ्या आणि त्या सगळ्यांत सामाईक असलेले मॅच तपासा. डीएनए पेंटर या संकेतस्थळावर तुकडे गुणसूत्रांवर रंगवत गेलात तर कोणता तुकडा कोणत्या जोडप्याचा ते हळूहळू उलगडतं. अँसेस्ट्री तुकड्याची जागा दाखवत नाही. त्यासाठीच फाइल इतरत्र चढवायची.

आणि एक नियम मोडू नका. मॅचच्या झाडात आपल्यासारखाच एक पूर्वज दिसला म्हणजे डीएनए त्याच्याकडूनच आला असं ठरत नाही. दोन्ही झाडांत त्या बेटावरच्या सगळ्या फांद्या निदान खापरपणजोबांपर्यंत भरलेल्या असतील आणि दुसरी सामाईक जोडी दिसत नसेल, तेव्हाच ते म्हणता येतं. बऱ्याचदा मॅचचं झाड तुम्हालाच वह्या चाळून भरावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

मॅच ब्राझीलचा निघाला तर दचकू नका. १७४८ ते १७५६च्या दरम्यान हजारो अझोर्सवासी सांता कातारिनाला नेऊन वसवले होते. हवाईचा निघाला तर १८७८पासून ऊसमळ्यांवर गेलेली मादेइरा आणि साओ मिगेलची माणसं.

जिथे कागद संपतो

‘पाइ इन्कोग्नितो’ म्हणजे बाप अज्ञात, आणि ‘एक्सपोस्तो’ म्हणजे टाकून दिलेलं मूल. अशी मुलं दारात किंवा ‘रोदा’त, म्हणजे भिंतीतल्या फिरत्या पेटीत, ठेवली जात. इथे मात्र डीएनए पुढे आणि कागद मागे. त्या मुलाच्या वंशजांपैकी वेगवेगळ्या शाखांतल्या तिघा-चौघांची चाचणी घ्या. माहीत असलेल्या सगळ्या फांद्यांचे मॅच बाजूला काढा. उरलेल्यांपैकी ज्यांचे तुकडे लांब आहेत त्यांची झाडं एकत्र मांडा आणि कोणतं जोडपं पुन्हा पुन्हा येतं ते बघा. मग नगरपालिकेच्या, म्हणजे कामाराच्या, टाकलेल्या मुलांच्या वह्या काढा. त्यात बाळाच्या अंगावरचे कपडे, सोबतची चिठ्ठी, सांभाळणाऱ्या दाईचं नाव-गाव अशी बारीक नोंद असते. रोदा शहरात असली तरी बाळ शेजारच्या फ्रेगेझियातलं असण्याची शक्यता मोठी, म्हणून मिळालेलं जोडपं त्या वेळी कुठे राहत होतं ते जुळवा.

गोवा-वसईचे फुर्तादो, पेरेरा, सिल्वेरा

आडनाव पोर्तुगीज आहे, मग आपलं मूळ बेटांवरचं असेल का? बहुतेकांचं उत्तर नाही असंच निघतं. गोव्यात १५१०नंतर आणि वसई प्रांतात १५३४ ते १७३९ या काळात धर्मांतर झालेल्या घरांना आडनावं मिळाली ती धर्मपित्याची किंवा पाद्रीची. त्यात रक्ताचा संबंध नव्हता. खरंच एखादा पोर्तुगीज पूर्वज आठ पिढ्यांमागे असला तरी त्याचा वाटा सरासरी २५६त एक, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी उरतो, आणि तो चाचणीच्या गोंगाटात हरवतो. घरातली आख्यायिका सरळ बापाच्या वाटेची असेल तर इथे वाय चाचणी खरंच उपयोगी पडते. आर१बी-एम२६९ या वाय-वंशगटाची पश्चिम युरोपी शाखा निघाली तर दखल घेण्यासारखं आहे. तरी बेट की लिस्बन, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पुन्हा चर्चच्या वह्याच.

टिपणं कशी ठेवायची

प्रत्येक नोंदीसोबत बेट, कोन्सेल्यो, फ्रेगेझिया, वहीची वर्षं, पान आणि नोंद क्रमांक लिहा. वहीत पानाला एकच आकडा असतो, पुढच्या बाजूवर. मागची बाजू ‘वेर्सो’ म्हणून नोंदवायची, त्यामुळे फाइलमधला चित्रक्रमांक आणि पानक्रमांक कधीच जुळत नाहीत; दोन्ही टिपून ठेवा. चित्र उतरवून घ्या, दुव्यावर विसंबू नका, संकेतस्थळांची रचना बदलते. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, मग प्रकार, मग नाव: ‘१८७२-लग्न-मानुएल-रोझा’. आणि जी वर्षं चाळून काही सापडलं नाही तीही लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तीच वही पुन्हा उघडली जाते.